जळालेल्या मोटारीची साक्ष

लातूरच्या डाळ मिल असोत, परभणी-नांदेडकडच्या जिनिंग असोत की जालन्याच्या रोलिंग मिल, कारखानदार आणि वीज कंपनीचे अधिकारी एका टेबलाशी बसले की वाद ठरलेल्या जागी येऊन अडकतो. यंत्र फिरवणारी विजेची मोटार जळाली ती कुणामुळे? कारखानदार म्हणतात, तुमचं व्होल्टेज धड नाही म्हणून. अधिकारी म्हणतात, उपकेंद्रातलं व्होल्टेज व्यवस्थित आहे, तुमच्या वायरिंगमध्येच दोष असणार, नाहीतर तुम्ही ओव्हरलोड चालवलं असणार. आवाज चढतात, निवेदन दिलं जातं, चहा होतो. या सगळ्यात एक आकडा कुणी टेबलावर ठेवत नाही. मोटार जळाली त्या मिनिटाला तिच्या तीन टर्मिनलवर किती व्होल्टेज होतं, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नसतं.

माझं मत आधीच सांगतो. मोटारीपाशी काय घडतंय हे पाहणारं, वेळेवर मोटार बंद करणारं आणि घडलेलं नोंदवून ठेवणारं संरक्षण बसवणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती पार पाडल्याने वीज कंपनी सुटत नाही. उलट कंपनीला खऱ्या अर्थाने उत्तरदायी धरायचं असेल तर त्याची सुरुवात इथूनच होते. आणि वीज कंपनीने, तिच्यावरच्या वीज नियामक आयोगाने, या नोंदी पुरावा म्हणून स्वीकारल्या पाहिजेत. ‘आधी कंपनीने वीज सुधारावी’ आणि ‘आधी मालकाने पॅनेल सुधारावं’ या दोन घोषणांमध्ये गेली कित्येक वर्षं मोटारी जळत आहेत.

आधी मूळ गैरसमज. आपल्याकडे व्होल्टेजची तक्रार म्हणजे ‘लाईट डिम आहे’ किंवा ‘लाईट फार वाढली’, एवढीच. कमी व्होल्टेज वाईटच असतं. इंडक्शन मोटारीचा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज 10 टक्के उतरलं तर पीळ 81 टक्क्यांवर येतो आणि तेवढंच काम ओढायला मोटार जास्त करंट घेते. पण मराठवाड्यातल्या मोटारींचा खरा छळ होतो तो तीन फेजमधल्या तफावतीने. एक उदाहरण घ्या. लघुदाब ग्राहकाला जाहीर व्होल्टेजच्या 6 टक्के वर-खाली एवढ्या मर्यादेत वीज मिळावी, हा 1956 च्या भारतीय वीज नियमांपासूनचा संकेत. 400 व्होल्टला ही मर्यादा 376 ते 424 होते. आता तुमच्या पॅनेलवर तीन लाईनमध्ये 412, 398 आणि 390 व्होल्ट आहे असं समजा. तिन्ही आकडे मर्यादेत. कंपनीचा माणूस मीटर लावून बघेल आणि ‘सगळं ओके’ म्हणून निघून जाईल. पण सरासरी 400 आणि तिच्यापासून सर्वात मोठं अंतर 12 व्होल्ट, म्हणजे असंतुलन झालं 3 टक्के. मोटार अभियांत्रिकीतला जुना ठोकताळा असा, की तापमानातली टक्केवारीची वाढ असंतुलनाच्या वर्गाच्या साधारण दुप्पट असते. 3 चा वर्ग 9, त्याची दुप्पट 18. वाइंडिंगची, म्हणजे मोटारीतल्या तांब्याच्या तारांच्या गुंडाळीची, तापमानवाढ 18 टक्क्यांनी चढली, आणि वर-खाली मर्यादेचा नियम मोडला कुणी? कुणीच नाही.

असं का होतं, याचं गणित 1918 मध्ये चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने मांडून ठेवलं आहे. असमान असलेले तीन फेज म्हणजे प्रत्यक्षात एकमेकांत मिसळलेले दोन पुरवठे: एक मोटारीला सुलट फिरवणारा, दुसरा लहानसा पण उलट फिरवू पाहणारा. रोटर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, सुलट फिरत असतो, त्यामुळे उलट चुंबकीय क्षेत्राच्या नजरेने तो जवळजवळ दुप्पट वेगाने पळतो आहे, आणि त्यात 100 हर्ट्‌झच्या आसपासचे करंट उठतात. त्यांतून काम काहीच होत नाही, फक्त उष्णता होते. म्हणून व्होल्टेजमधली 3 टक्के तफावत करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन उतरते. नेमा या अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेचं मानक 1 टक्क्याच्या वर मोटारीचा भार कमी करायला सांगतं, आणि 5 टक्क्यांच्या वर मोटार चालवूच नका म्हणतं. यात आपला उन्हाळा मिळवा. मोटारीची क्षमता ठरवली जाते ती भोवतालचं तापमान 40 अंशांपर्यंत धरून. मे महिन्यात परभणी-नांदेडला सावलीतला पारा त्याच्या वर असतो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. म्हणजे असंतुलन यायच्या आधीच मोटारीकडची राखीव जागा संपलेली असते. आणि इन्सुलेशनचं आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. जी मोटार पंधरा वर्षं चालायला हवी ती चार-पाच वर्षांत वाइंडरच्या दारात का दिसते, हे कोडं उरत नाही.

आता विरोधी बाजू. तिचा पहिला मुद्दा न्यायाचा आहे आणि तो खरा आहे. दोष पुरवठ्यात असेल तर खर्च मी का करायचा? औद्योगिक ग्राहक आपल्या विजेबरोबर इतरांच्या सवलतींचाही काही भार दरातून उचलतो. एवढे पैसे घेऊन वर ‘तुमचं संरक्षण तुम्हीच करा’ म्हणणं हे अन्यायाचं वाटतं, आणि एका अर्थाने आहेच. पण या न्यायाच्या मुद्द्याचं पुढे काय होतं ते पाहा. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 57 सेवेचे मानदंड ठरवायला आणि ते मोडल्यास ग्राहकाला भरपाई द्यायला सांगतं. कलम 42 ने तक्रार निवारण मंच दिला, त्याच्या वर विद्युत लोकपाल दिला. दार उघडं आहे. त्या दारातून आत जाताना हातात काय असतं? वाइंडरचं बिल. बिलावर मोटारीची हॉर्सपॉवर असते, तांब्याचं वजन असतं. ती का जळाली हे नसतं. मंचाने कशावर निकाल द्यायचा?

मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. अतिवृष्टीची मदत महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर ठरते. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. ढग तुमच्या शिवारावर फुटला, माती वाहून गेली, पण यंत्र होतं दहा-पंधरा किलोमीटरवर आणि तिथे कमी पडला. मग पंचनाम्यासाठी कागद घेऊन फिरत राहा. शेतकऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला तो कशासाठी? पर्जन्यमापक जवळ आणा म्हणून. मोजमाप नको असं कुणी म्हटलं नाही, कारण ज्याच्याकडे नोंद नाही त्याचं नुकसान सरकारदरबारी झालेलंच नसतं हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. उपकेंद्रातलं व्होल्टेज हा मंडळातला पर्जन्यमापक आहे. तुमची मोटार फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनच्या, शेपटाला आहे. मग कारखानदार तेच का मागत नाहीत?

मागायला हवं, आणि त्यातली एक गोष्ट तर आधीच बसवलेली आहे. औद्योगिक जोडणीवरचं इलेक्ट्रॉनिक मीटर फक्त युनिट मोजत नाही. एखाद्या फेजचं व्होल्टेज गायब झालं किंवा तिन्हींत मोठा फरक पडला तर ती घटना ते तारीख-वेळेसह साठवतं. अनेक मीटरांत पंधरा किंवा तीस मिनिटांच्या अंतराने फेजनिहाय व्होल्टेजही साठत जातं. ही सोय केली ती वीजचोरी पकडायला; कुणी मीटरची एक तार सोडवली तर कळावं म्हणून. कंपनीला चोर शोधताना जी नोंद विश्वासाची वाटते, तीच नोंद ग्राहक मोटारीसाठी मागतो तेव्हा अपुरी कशी ठरेल? सेकंदभराचा झटका त्या सरासरीत दिसणार नाही हे कबूल. पण दुपारी तीन ते सहा रोज एक फेज पंधरा व्होल्टने खाली बसतो, हे त्यात स्वच्छ दिसेल. दर महिन्याच्या बिलाबरोबर ही नोंद ग्राहकाला आपोआप मिळाली पाहिजे. स्मार्ट मीटरवर एवढा वाद पेटला असताना ही मागणी त्या वादात जवळपास ऐकूच येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

संरक्षण म्हणजे काय, यावरही थोडं थांबायला हवं, कारण ‘आमच्याकडे ओव्हरलोड रिले आहे की’ हे उत्तर सर्वात जास्त मोटारी खातं. स्टार्टरमधला बायमेटलचा, म्हणजे तापून वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीचा, रिले करंट पाहतो, व्होल्टेज पाहत नाही, आणि सावकाश तापतो. डेल्टामध्ये, म्हणजे तिन्ही कॉइल त्रिकोणात, जोडलेली मोटार सुमारे 58 टक्के भारावर चालू असताना एक फेज गेला, तर उरलेल्या दोन लाईनमधला करंट वाढून जेमतेम पूर्ण भाराच्या आकड्याला पोचतो. रिलेच्या दृष्टीने सगळं ठीक. पण आत, ज्या कॉइलवर पूर्ण व्होल्टेज उरलं आहे तिच्यातून पूर्ण भाराच्या वेळी जातो त्यापेक्षा साधारण 15 टक्के जास्त करंट वाहतो आहे, आणि वर त्या उलट क्षेत्राची उष्णता. फेज जाण्याचीही दखल घेणारे बायमेटल रिले मिळतात, पण बसवलेला कुठला आहे हे कितीजण पाहतात? शिवाय रिलेचं बटण कुणीतरी कधीतरी ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेलं असतं, ते वेगळंच.

बरं, एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे. कोणता? फक्त व्होल्टेज बघणारा असेल तर तो अशाच ठिकाणी फसतो जिथे मोटारी अनेक आहेत. डाळ मिलमध्ये दहा-बारा मोटारी एका पॅनेलवर फिरत असतात. मेनचा एक फ्यूज उडाला तरी या फिरत्या मोटारी मिळून गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करतात. पॅनेलचे तिन्ही दिवे पेटलेले, प्रिव्हेंटर निवांत, आणि मोटारी मात्र आतून शिजत असतात. म्हणून नुसतं व्होल्टेज ‘आहे की नाही’ बघून भागत नाही, असंतुलन मोजावं लागतं. आणि मोठ्या मोटारीला करंटचं असंतुलन पाहणारा रिले हवा. कारण तिसरी गोष्ट अशी, की फेज नेहमी लाईनवरच जात नाही. व्होल्टेज कमी असताना कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला लाईन जोडणारा विजेवर चालणारा स्विच, थरथरतो, त्याचे पॉइंट जळतात, आणि एक दिवस त्यातला एक पॉइंट टेकतच नाही. पुरवठा उत्तम, प्रिव्हेंटर खूश, मोटार दोन फेजवर. व्होल्टेजचा दोष मागच्या महिन्यातला, मोटार जळाली आज. सर्वो स्टॅबिलायझर विकणारे यातलं काही सांगत नाहीत. स्टॅबिलायझर हळू बदलणारं व्होल्टेज सांभाळतो, गेलेला फेज आणत नाही आणि अर्ध्या सेकंदाच्या खड्ड्याला, म्हणजे व्होल्टेज क्षणभर एकदम खाली जाण्याला, तो पोचतही नाही.

विरोधकांचा सर्वात दमदार मुद्दा मात्र पैशाचा नाही, थांबण्याचा आहे. सूतगिरणीत, प्लास्टिकच्या एक्स्ट्रूडरवर, रोलिंग मिलमध्ये एकदा मशीन थांबलं तर जळालेल्या मोटारीपेक्षा जास्त नुकसान होतं. तापलेली सळई स्टँडमध्येच अडकते, बॅरलमध्ये माल गोठतो, हजारो धागे पुन्हा जोडायचे असतात. असा रिले दिवसातून चार वेळा ट्रिप झाला तर शिफ्टचा माणूस तार मारून तो बायपास करणारच, आणि मी त्याला दोष देणार नाही. हा आक्षेप संरक्षणाच्या विरोधात जात नाही, अडाणी सेटिंगच्या विरोधात जातो. लाईनवर कुठेतरी फॉल्ट झाला की येणारे खड्डे बहुतेक एका सेकंदाच्या आत संपतात. तेवढ्याने मोटार जळत नाही. असंतुलनाने किंवा फेज गेल्याने होणारी जळण मिनिटांची असते. म्हणजे दोघांत फरक करायला पुरेसा वेळ आहे. 3 टक्क्यांना इशारा, 5 टक्क्यांना काही सेकंद थांबून ट्रिप, फेज पूर्ण गेला तर एक-दोन सेकंदांत ट्रिप, व्होल्टेज नुसतं खाली गेलं तर आणखी थोडी सवड: असं सेट केलेलं रिले फुकट ट्रिप होत नाही. क्षणभराच्या खड्ड्यात सुटतो तो बहुधा कॉन्टॅक्टर, कारण त्याची कॉइल खोल खड्ड्यात धरून राहत नाही. त्याला उशिरा सुटणारी कॉइल किंवा वेगळ्या स्थिर पुरवठ्यावरचं नियंत्रण द्यावं. आणि वीज परत येताच सगळं एकदम चालू करण्याची घाई टाळावी. फिरत राहिलेल्या मोटारीत काही क्षण तिचं स्वतःचं चुंबकत्व टिकून असतं. त्याच्या विरुद्ध क्षणी लाईन जोडली गेली तर बसणारा झटका कपलिंग आणि शाफ्ट मोडू शकतो. हो, काही मोटारींना असं संरक्षण लावायचंच नसतं. आगीचा पंप जळेपर्यंत चाललेला बरा. तेल काढायच्या सॉल्व्हंट प्लँटमधला हवा खेळवणारा पंखा केव्हा थांबवायचा हे व्होल्टेजवर सोडता येत नाही. पण हे अपवाद आहेत, आणि ते मोजून ठरवता येतात.

वीज कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे: असंतुलन प्रत्येक वेळी तिच्याच घरून येत नाही. कारखान्यातच ऑफिसचे एसी, वेल्डिंग मशीन, लाइटिंग सगळं एका फेजवर ओढलेलं असतं. लूज लग, गंजलेला जोड हे तर घरचेच. शेजारी इंडक्शन भट्टी असेल तर तिच्या रेक्टिफायरमधून लाईनवर हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, येतात, आणि त्यातली पाचवी नेमकी उलट फिरणारी. जालन्यात लोखंड वितळवणारा आणि त्याच्या शेजारी पीठ दळणारा हे दोघंही ग्राहकच आहेत. इथे भांडण ग्राहक-कंपनी नसून ग्राहक-ग्राहक आहे. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे गिरणी आणि शेतीपंप एकाच लाईनवर येतात, तिथे वीज येताच शेकडो पंपांचे ऑटोस्विच एकाच क्षणी मोटारी उचलतात आणि डीपी वाकते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करते. ते बरोबरच आहे. पण ज्याला वीज आठ-दहा तासच, तीही अनेकदा रात्रीची, तो शेतकरी सापा-विंचवाच्या वाटेने स्टार्टर दाबायला का जाईल? त्याने ऑटोस्विच बसवला ही चूक त्याची नाही, ती त्याच्या वेळापत्रकाची आहे. म्हणूनच नोंद लागते. मीटरच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच वेळेची नोंद असेल तर दोष कोणत्या बाजूचा हे दहा मिनिटांत कळतं. ज्या अभियंत्यांना खात्री आहे की दोष ग्राहकाचा, त्यांनी तर या मागणीचं सर्वात आधी स्वागत करायला हवं.

‘सक्ती नको, जागृती करा’ असंही सांगितलं जातं. इतिहास वेगळं सांगतो. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, आणि दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला; त्याच वाटेने पुढे 1923 चा अखिल भारतीय कायदा झाला. अमेरिकेत 1866 मध्ये हार्टफर्डला बॉयलर तपासणी आणि विमा एकत्र करणारी कंपनी निघाली: आधी तपासू, मगच विमा. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवल्यामुळे बॉयलर बनवणारा जबाबदारीतून सुटतो असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. तपासणीच्या नोंदीमुळे दोष प्लेटचा, पाण्याचा की फायरमनचा हे पहिल्यांदा ठरवता येऊ लागलं. मोटार फुटत नाही, माणूस मारत नाही, म्हणून तिच्यासाठी कायदा मागणं अति होईल. पण विमा आणि कर्ज यांच्या अटी तर आपल्या हातात आहेत. 2020 पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना केंद्राच्या योजनेतून प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. डाळ, हळद, मिरची, तेल: मराठवाड्यात हे घटक गावोगाव उभे राहत आहेत. त्यांच्या प्रकल्प अहवालात मोटारीची हॉर्सपॉवर असते. मोटारीच्या संरक्षणाची एक ओळ का नसावी? लहान मोटारीचा असंतुलन पाहणारा रिले आणि तिच्या एका रिवाइंडिंगचं बिल यांची तुलना करा. बँकेच्या अधिकाऱ्याला पटवायला वेगळा युक्तिवाद लागणार नाही.

या सगळ्यामागे एक जुनी सवय आहे. विजेच्या बाबतीत आपण मराठवाड्याचा अनुशेष नेहमी पोचण्यावर आणि दरावर मोजला. दांडेकर समितीने 1984 मध्ये प्रादेशिक असमतोल मांडला तेव्हा ग्रामीण विद्युतीकरण हे एक क्षेत्र होतं, आणि तेव्हा प्रश्न रास्तच होता: वीज गावात पोचली का? पुढे उद्योगांसाठी लढा झाला तो दरासाठी, आणि 2016 मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना दरात सवलत मिळाली. दोन्ही लढे योग्य होते. पण तारेतून जे येतं ते कसं आहे, हा प्रश्न कोणत्याच समितीच्या अजेंड्यावर ठळकपणे आला नाही. युनिट रुपयाने स्वस्त मिळालं आणि वर्षाला दोन मोटारी जळाल्या, तर सवलत गेली कुठे?

म्हणून नियामक आयोगापुढे जाताना औद्योगिक संघटनांनी दोन नेमक्या मागण्या न्याव्यात. सेवेच्या मानदंडात व्होल्टेजच्या वर-खाली मर्यादेबरोबर तीन फेजमधल्या असंतुलनाचीही नेमकी मर्यादा असावी. आणि मीटरमधली फेजनिहाय नोंद ग्राहकाला हक्काने मिळावी, तक्रार निवारण मंचात तोच पहिला पुरावा धरला जावा. मालकांनी त्याची वाट न पाहता आजच एक गोष्ट सुरू करावी: मोटार जळाली की तांबं काढायच्या आधी वाइंडिंगचा फोटो घ्यायचा. स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असताना, दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी स्वच्छ, किंवा डेल्टामध्ये एकाच फेजच्या कॉइल जळालेल्या, म्हणजे मोटार सिंगल फेजवर चालली. सगळ्याच कॉइल सारख्या काळ्या, म्हणजे ओव्हरलोड, अडकलेलं यंत्र किंवा बंद पडलेला कूलिंग फॅन. हे कोणताही जाणता वाइंडर बघताक्षणी सांगतो, आणि अर्ध्या तासात तो पुरावा भंगारात जातो. तारीख, वेळ, मोटारीचा नंबर आणि हा फोटो एका वहीत ठेवला, आणि एका औद्योगिक वसाहतीतल्या पन्नास कारखान्यांनी वर्षभर असं केलं, तर पुढच्या बैठकीत दोष कोणत्या फीडरवर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजूचा यावर बोलता येईल.